जुन्यात सत्तावीस, नव्यात पंधरा

मुलांनो, गुडीहत्नूरच्या बाजारात एक माणूस लॅपटॉपवर पत्रिका जुळवतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बटण दाबण्याआधी तो पडद्याला हात जोडतो, मग उपरण्यानं त्यावरची धूळ पुसतो.

परवा मी तिथं होते, तेव्हा आमची भाजीवाली त्याच्यासमोर रडकुंडीला आली होती. तिच्या मुलीचे गुण आधी सत्तावीस जुळले होते. साखरपुड्यासाठी छापील प्रत घ्यायला गेली, तर पंधराच निघाले.

"पैसे भरून सॉफ्टवेअरचं नवीन लायसन घेतलं, बाई. हिशोब बदलला," तो म्हणाला.

"मंग गिरह बी नवीन घेतले काय? माही पोरगी तर तीच हाय!"

त्यानं शांतपणे विचारलं, "सोयरीक पसंत हाय का तुमाले?"

"पोरीलेच पसंत हाय!"

"मंग जुन्यात काढून देतो. जुनं लायसन काऊन ठेवलं मी? ज्याले मोडाचं हाय, त्याले नवीन."

सत्तावीस गुण छापून निघाले. शास्त्राचं काय, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण भाजीवालीचा खुललेला चेहरा पाहून मीच तो कागद घडी करून तिच्या हातात दिला.

मी निघताना त्यानं विचारलं, "आजी, तुमची अन् आजोबांची पाहू का नव्यात?"

"नको रे," मी म्हटलं, "आमचं जुन्यातच बरं चाललंय."