कोरडं गॉज

समजा, तुमच्या हातात झाकणाचा एक गोल डबा आहे. दवाखान्यात त्याला ड्रम म्हणतात. त्यात गॉजच्या, म्हणजे जखमेवर लावायच्या जाळीदार कापडाच्या, घड्या आणि कापसाचे बोळे भरायचे आणि जंतू मारायला तो वाफेच्या यंत्रात ठेवायचा. डब्याच्या अंगावर छिद्रांची रांग आहे, तिच्यावर सरकणारी पट्टी. पट्टी सरकवली की छिद्रं उघडतात, पुन्हा सरकवली की मिटतात. बाहेर मे महिन्याची धूळ उडते आहे आणि खोलीच्या खिडकीला काच नाही. यंत्राचं दार लावण्याआधी तुम्ही छिद्रं उघडी ठेवाल की बंद कराल?

देवरावनं बंद केली.

खापा या आपल्या गावची शेती थोरल्या भावाकडे सोडून तो नागपूरला आला आणि एका मोठ्या दवाखान्यात वार्डबॉय म्हणून लागला. माणूस टापटिपीचा, म्हणून त्याला यंत्राच्या खोलीत धोंडबाच्या हाताखाली दिलं. धोंडबा शिकवायचा म्हणजे काय, "पाह्य अन् कर" एवढंच. डबा आत जाताना छिद्रं उघडी, बाहेर आला की बंद, हे देवरावनं पाहिलं. असं काहून, म्हणून विचारलं तर धोंडबा म्हणायचा, "तुले डाक्टर व्हायचं आहे का गा?"

धोंडबा निवृत्त झाला आणि खोली देवरावच्या हाती आली.

वार्डाच्या सिस्टर शोभाताई नर्सिंगच्या पोरींचा वर्ग घ्यायच्या. वार्डबॉयना त्यात बोलावणं नसे. देवरावला मात्र जंतूंचं भारी कुतूहल. तो दाराशी उभा राहून ऐकायचा. त्या दुपारी शोभाताई ड्रम हातात घेऊन सांगत होत्या, "छिद्रं उघडी राहिली की धुळीसोबत जंतू आत गेलेच समजा." तेवढ्यात स्ट्रेचरसाठी हाक आली. देवराव धावला. पुढचं बोलणं पोरींनी लिहून घेतलं, त्याच्या कानावर काही पडलं नाही.

त्याचा जीव धसकला. म्हणजे इतके दिवस आपण उघडाच डबा धुळीत ठेवत होतो! दुसऱ्या दिवसापासून तो डबा भरला की लगेच पट्टी ओढू लागला आणि बंद डबाच यंत्रात ठेवू लागला.

आणि गॉज काय सुरेख निघायला लागलं! शोभाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "देवराव, आजकाल गॉज कसं कोरडं येऊन राहिलं गा! धोंडबाचं तर पिळून घ्यावं लागे."

घरी त्यानं ते बायकोला दोनदा सांगितलं. रुख्मिणी म्हणाली, "मंग आता घरचं धुणंही तुम्हीच वाळवत जा."

त्याच दिवसांत गोपिका बाळंतपणाला आली. खाप्याची, देवरावच्याच गल्लीतली. पोट फाडून मूल काढावं लागलं. मुलगा झाला, धडधाकट. गोपिका खाटेवरून चिडवायची, "देवरावदादा, तुमच्या दवाखान्यातलं वरण आहे का हात धुतलेलं पाणी? गावी गेले की पहिले झुणका-भाकर खाईन."

मग तिला ताप आला. टाके लाल झाले, जखम पू धरू लागली. रोज सकाळी ड्रेसिंगचा ड्रम देवराव स्वतः तिच्या खाटेशी नेऊन ठेवायचा. आपल्या गावची पोर, तिच्या जखमेला दुसऱ्याच्या हातचं काही लागू नये म्हणून. गोपिका गेली. मुलाला तिच्या आईनं पदरात गुंडाळून खाप्याला नेलं.

त्यानंतर प्रेमिला नावाच्या विद्यार्थिनीची यंत्राच्या खोलीत पाळी लागली. देवराव ड्रम आत ठेवत होता, तेव्हा तिनं हात धरला.

"मामा, छिद्रं बंदच ठेवता का? मंग वाफ शिरन कुठून?"

"अवं, धूळ जाते ना त्यातून."

"ते बाहेर काढल्यावर, मामा. आत ठेवताना उघडी. वाफ लागल्याबिगर जंतू मरतात का? सिस्टरनं त्याच वर्गात सांगतलं होतं."

देवराव बराच वेळ पट्टी नुसती मागंपुढं सरकवत राहिला. गॉज कोरडं काहून येत होतं, ते त्याला तेव्हा कळलं.

तो शोभाताईंकडे गेला आणि सगळं सांगितलं. कोरड्या गॉजचं कौतुक त्यांनीच केलं होतं.

"सिस्टर, गोपिका माह्या ड्रममुळे गेली का?"

"वार्डात माशा आहेत. एका खाटेवर दोघी दोघी निजतात. नळाले पाणी नाही, कोण किती हात धुते? कशानं झालं ते कोण सांगन? तू गप राह्य. नोकरी जाईन तुही."

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, तिच्या अंगात रक्तच नव्हतं.

आता देवराव छिद्रं उघडी ठेवतो. गॉज दमट येतं, नव्या सिस्टर कुरकुरतात. वर्ग अजून भरतो, वार्डबॉयना अजून बोलावणं नाही. तो दाराशी उभा राहून शेवटपर्यंत ऐकतो, हाक आली तर म्हणतो, "थांब गा जरा."

दिवाळीत तो खाप्याला गेला. गोपिकेचा मुलगा अंगणात रांगत होता. तिच्या आईनं चहा पुढं केला आणि म्हणाली, "तुम्ही रोज तिच्याजवळ होते, देवराव, म्हणून बरं. परक्या गावात आपलं माणूस होतं."

चहा तसाच राहिला. माशी त्यावर घिरट्या घालत होती आणि देवराव तिच्याकडे पाहत होता. पोरीच्या जखमेत जंतू गेले, ते अशाच माशीच्या पायांनी गेले, की माह्या हातच्या डब्यातून?