आमच्या दारातला डाळिंबी मासा

माझ्या थोरल्या नणंदेला सगळे पाटीवाल्या बाई म्हणतात. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, कापड रंगवतो. दोघंही रंगारी, दोघंही हट्टी. मरण मात्र माझं.

मध्यंतरी वन्संना नगरपालिकेचं काम मिळालं. रस्त्याकडेच्या प्रत्येक पावसाळी गटाराच्या तोंडाशी निळा मासा काढायचा आणि खाली लिहायचं: 'हे पाणी थेट नदीत जातं.' आम्हाला वाटायचं, गटारातलं सगळं शुद्ध होऊनच पुढे जातं. वन्संनाही तसंच वाटायचं. खरं कळल्यावर त्यांना पहिला आठवला तो भाऊ. कारण उरलेला रंग हे रोज दारातल्या गटारात ओतायचे.

मासे काढत काढत त्या आमच्या दाराशी आल्या. यांनी नुकतंच पिंप उपडं केलं होतं.

"ताई, इथे मासा नको. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"आज कुठला रंग ओतलास?"

"डाळिंबी. का गं?"

वन्संनी लाल डबा उघडला आणि चक्क डाळिंबी मासा काढला. यांचा चेहरा खर्रकन उतरला. "सख्ख्या बहिणीने चव्हाट्यावर आणलं," म्हणाले, आणि बोलणंच टाकलं. मला यांची कीव आली. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

येणारा-जाणारा विचारायचा, "हाच मासा लाल कसा?" आधी हे म्हणायचे, निळा संपला असेल. मग कापड झटकत आत निघून जायचे. एके दिवशी म्हणाले, "आम्ही ओततो ते तो पितो, म्हणून." दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला आणि मागच्या बाजूला टाकी बांधून घेतली. आता रंगाचं पाणी तिच्यात साठतं आणि शुद्धीकरणाला टँकरने जातं.

"तिला सांग, मासा निळा कर म्हणावं," हे मला म्हणाले. स्वतः जाऊन सांगतील तर शपथ!

वन्सं आल्या. वाकून गटाराचं तोंड नीट न्याहाळलं आणि मुकाट्याने मासा निळा केला. हे दारात उभे. काम झालं, वन्संनी बादलीत ब्रश खळबळले आणि उभ्या जन्माच्या सवयीने बादली गटाराकडे कलती केली.

यांनी झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं.

"ताई! अगं, मासा!"

वन्सं बादलीकडे बघत राहिल्या. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"मग कुठे ओतू रे?"

"आण इकडे. माझ्या टाकीत ओततो."