झाकणावरची भेग

मुंबईत कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून, तिथेच दोन वर्षं नोकरी करून, आईच्या आजारपणामुळे मी कर्जतला परत आले. एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. पापडाच्या पुड्यांची लेबलं, लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं अशी कामं मिळत. त्यामुळे शाळेतले भूगोलाचे सर एक दिवस आपल्या खेळासाठी चिन्ह हवंय म्हणून आले, तेव्हा मला आधी वाटलं, कॅरम किंवा सापशिडीसारखं काहीतरी असेल.

तसं नव्हतं. सरांचा भाऊ जहाजावर होता. त्याने परदेशातून एक जाड पुस्तक आणि वीस बाजूंचे फासे आणले होते. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी किल्लेदार, कोणी वैदू, कोणी चोर. सर, त्यांची बायको आणि शाळेतले दोन शिक्षक रविवारी दुपारी जमून खेळत. सरांनी मराठीत स्वतःचं राज्य रचलं होतं. त्याचा भलामोठा नकाशा त्यांनी माझ्यापुढे उलगडला. नद्या, घाट, पडक्या विहिरी, एका सुळक्याखाली राक्षसाची गुहा. पुण्याचा एक छापखानेवाला मित्र हा खेळ पेटीत घालून विकायला तयार झाला होता.

"झाकणावर चिन्ह पाहिजे," सर म्हणाले. "बघितल्यावर नकाशा आठवला पाहिजे, पण नकाशा नको. आणि बघणाऱ्याला जरा भीती वाटली पाहिजे."

मी आधी होकायंत्राचं चित्र काढलं. सरांच्या बायकोला मी वहिनी म्हणत असे. त्या म्हणाल्या, "हे बोटीच्या कंपनीचं वाटतं." गुंडाळलेला नकाशा काढला, तर तो पदवीदान समारंभातल्या भेंडोळ्यासारखा दिसला. मग नकाशात डोंगराची उंची दाखवतात तशा वर्तुळाकार रेषा काढून मधोमध बुरूज उभा केला. सर म्हणाले, "आगपेटीवर चांगलं दिसेल." महिना गेला. भीती काही कागदावर येईना.

दिवाळीच्या सुट्टीत सर म्हणाले, "तुम्ही माझं राज्य एकदा प्रत्यक्ष बघा. त्याची उत्तर सीमा मी चौकच्या पलीकडच्या एका डोंगरावरून घेतलीय."

सर, वहिनी आणि मी एसटीने चौकला उतरलो आणि दोन तास चढलो. कड्याच्या पोटाशी एक वाडी होती, पंधरा-वीस घरांची. तिच्या डोक्यावर कडा आणि कड्याच्या माथ्यावर सपाटी. आम्ही सपाटीवर पोचलो तेव्हा तिथे वरीची कापणी चालली होती. मी कडेला जाऊन रेखाटन करू लागले, तर विळा घेतलेली एक बाई पिकातून ओरडली, "तिथं नको उभी ऱ्हाऊ गं बाय!"

ती माझ्याच वयाची असेल. जवळ येऊन तिने पायाने गवत बाजूला केलं. खाली भेग होती. एका टोकाला दोऱ्याएवढी, पुढे वीतभर, आणि सगळ्या सपाटीला आडवी. तिने एक धोंडा उचलून आत सोडला. आम्ही तिघंही ऐकत उभे राहिलो.

"आवाज नाय येत," ती म्हणाली. "मी रोज टाकते."

"केव्हापासून आहे ही?" सरांनी विचारलं.

"माझ्या लग्नात नव्हती. मोठा पोरगा झाला तवा बोट जायचं. आता पाय जातो."

सरांचे डोळे चमकले. त्यांनी पिशवीतून टेप काढला आणि भेग मोजायला घेतली. कुठे किती रुंद, कुठे वळते, सगळं वहीत टिपून घेतलं. वहिनी मात्र कड्याकडे पाठ करून उभ्या होत्या. "चला खाली," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या.

उतरताना त्या बाईने आम्हाला घरी नेलं. सासूने पाणी दिलं. म्हातारी मोठी गोड होती, कोंबड्यांशीही माणसांशी बोलावं तशी बोलायची. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत शेणाचा ओला पट्टा होता.

"दर साली लिपते," म्हातारी म्हणाली. "दर साली फाटतीया."

घरी आल्यावर मी कागद पुढे ओढला आणि तीन दुपारींत चिन्ह पूर्ण झालं. डोंगराच्या उंचीच्या रेषा, एकात एक. त्यांच्यातून वरून खाली गेलेली एक काळी भेग. भेगेच्या उजवीकडच्या रेषा डावीकडच्यांना जुळत नव्हत्या, त्या केसभर खाली सरकलेल्या होत्या. बस्स. बुरूज नाही, राक्षस नाही. शाई वाळायच्या आधीच मला कळलं होतं की हे बरोबर आलंय. असं काम हातून फार थोड्या वेळा होतं, आणि झालं की आनंद होतो. तो मला झाला, हे लिहिलंच पाहिजे.

सर बघून एकच शब्द बोलले. "हेच."

वहिनींनी कागद हातात घेतला. "यात त्या बाईचं घर कुठे येतं?"

मी बोट ठेवलं. ते सरकलेल्या बाजूवर आलं. सरकवलेली बाजू. माझ्याच हाताने.

त्यानंतर ते चित्र टेबलावर असलं की मी उलटं करून ठेवायची. शेवटी सरांकडे गेले आणि म्हटलं, "कोणाला तरी सांगायला हवं." सर भूगोलाचं बोलले, आपल्याकडचे डोंगर असेच भेगाळतात, शंभर वर्षं तसेच उभे असतात वगैरे. पण दुसऱ्या दिवशी रजा टाकून तेच मला घेऊन एका सरकारी कचेरीत गेले.

तिथल्या साहेबाने भिंतीवरच्या नकाशाकडे हात केला. "वाडी दाखवा."

त्या नकाशात वाडी नव्हतीच. भेगेची मापं असलेला नकाशा जगात एकच होता, सरांच्या खेळाचा. सरांनी तो टेबलावर पसरला. साहेबाने गुहेतला राक्षस बघितला, सरांनी कोपऱ्यात चिकटवलेलं माझं चिन्ह बघितलं आणि शेजारच्या टेबलावरच्यांना हाक मारली. सगळे गोळा झाले.

"मास्तर, वाडीवाल्यांना नोटीस काढू की राक्षसाला?"

सरांचे कान लाल झाले. त्यांनी नकाशा नीट, कडा जुळवून गुंडाळला. आमच्या अर्जावर शिक्का बसला. बघायला कोणी आलं नाही. सरांनी मग राक्षसाशिवायचा साधा आराखडा काढला, तो मी ट्रेसिंग पेपरवर उतरवला, आणि दुसरा अर्ज दिला. त्याचंही तेच झालं.

शिमग्याच्या सुमारास आम्ही पुन्हा वर गेलो. भेग आता ओलांडताना टांग टाकावी लागत होती. पाऊस पडून गेलेला नव्हता, कोरड्या दिवसांतच ती वाढली होती. आम्ही तिच्या दोन्ही काठांवर बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि मध्ये सुतळी ताणून बांधली. सर त्या बाईला म्हणाले, "ही तुटली की कोणाची वाट बघू नका. सगळे खाली गावातल्या देवळात जा."

तिने सुतळीला बोट लावून बघितलं. "मी जाईन. आमची म्हातारी नाय येयाची."

जून, जुलै असे गेले. पाऊस वाढला की मी कर्जतच्या घरातून नुसती पश्चिमेकडच्या ढगांकडे बघायची. आईने एकदा विचारलं, "तिकडे कोण आहे गं तुझं?"

श्रावणात पाऊस पाच दिवस थांबला नाही. सहाव्या दिवशी दुपारी सर दारात आले. छत्री हातात होती, पण उघडलेली नव्हती.

"सुतळी तुटली," ते म्हणाले. "चौकहून निरोप आलाय. पुढचं काही माहीत नाही."

आम्ही मिळेल त्या टेंपोने निघालो. चौकच्या अलीकडेच डोंगर दिसला. त्याची एक बाजू हिरवी नव्हती, लाल होती. टेंपोवाल्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

वाडीतली बहुतेक माणसं देवळात होती. ती बाई त्यांना घेऊन उतरली होती, घरोघर जाऊन, शिव्या देऊन, एकेकाला ओढून. कड्याला लागून असलेली तीन घरं गेली होती. चार माणसं गेली. त्यात म्हातारी होती.

बाई देवळाच्या खांबाला टेकून बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. मी शेजारी बसले. ती आपण होऊन बोलली.

"सगळ्यांना पोचवून परत गेले. म्हातारी दारात बसल्याली, कोंबड्या मांडीत घेऊन. उठंना. हात धरून वढली. तेवढ्यात वर आवाज झाला, त्या भेगेतला. पहिल्यांदाच." तिने गुडघ्यावरचा चिखल नखाने खरवडला. "लोक म्हन्तात हात सुटला. सुटला नाय बाय. मी सोडला."

मी तिचा हात धरला नाही. धरायला हवा होता की नको, ते अजून कळत नाही.

त्याच आठवड्यात पुण्याहून पार्सल आलं. झाकणांच्या छापील नमुन्यांचं. छपाई सुरेख होती. केसभराचा फरकसुद्धा नीट उमटला होता. वहिनींनी पार्सल उचललं आणि मागच्या अंगणात जाऊन बंबात घातलं. सर उठले नाहीत. बंब पेटल्याचा वास आला तेव्हा ते म्हणाले, "खेळात कोणी मेलं की आम्ही पुढच्या रविवारी नवा माणूस घ्यायचो." रविवारची बैठक त्यानंतर भरली नाही. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली, आणि जाताना फासे त्यांनी कोणाला दिले की टाकले, मी विचारलं नाही.

त्या चित्राची मूळ प्रत मात्र माझ्याकडे राहिली होती. ती मीच फाडली. पण आधी एकदा नीट बघून घेतली, आणि तेव्हाही ती मला चांगली वाटली.

वाडीला खाली रस्त्याजवळ जागा मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात ती बाई पत्ता शोधत माझ्या घरी आली. जागा वाटून देण्यासाठी साहेब येणार होते आणि त्यांना कागद हवा होता, कोणाचं घर कुठे त्याचा. "तुमाला काढता येतं," ती म्हणाली. मी तिच्याबरोबर गेले. दोन दिवस काठीने मोजून चौकटी आखल्या, नावं लिहिली. ती प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून कोणतं कोणाचं ते विचारत होती. मग कागदाच्या वरच्या कोऱ्या भागावर तिचं बोट थांबलं.

"डोंगर नाय काढला?"

"साहेबांना फक्त घरं हवीत."

"काढा," ती म्हणाली. "हाय ना तो."

मी पेन्सिल घेतली आणि वर एक रेघ ओढली. तिने नाही म्हणून मान हलवली. मी ती खोडून खाली घेतली. "आजून जवळ," ती म्हणाली. मी आणखी खाली घेतली. "आजून." पेन्सिल घरांच्या चौकटींना टेकायला आली, तरी तिचं बोट कागदावरून उठलं नव्हतं.