ग्रीस कमी नव्हतं

आमच्या कागद कारखान्यात मशिनांना ग्रीस घालायचं काम मावशींकडे होतं. नवरा गेल्यावर त्याच्या जागी त्यांना घेतलं, तेव्हा फिटर लोक हसले होते. सव्वीस वर्षांनी तेच फिटर काही वेगळा आवाज आला की आधी मावशींना हाक मारायचे. त्या लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या खोक्यावर टेकवायच्या, मुठीला कान लावायच्या आणि सांगायच्या, "हे आजारी आहे." सहसा ते आजारी असायचंच.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी निप्पल, म्हणजे ग्रीस आत जायचं तोंड, स्वच्छ फडक्याने पुसायचं, नाहीतर ग्रीसबरोबर धूळही आत जाते. मग खालचा बूच काढायचा, म्हणजे जुनं ग्रीस बाहेर पडायला वाट राहते. त्यानंतर ग्रीसगनचे मोजून दाब द्यायचे. वाळवणीच्या मोठ्या पंख्यांना महिन्यातून एकदा चार दाब, पाचवा नाही. नवीन माणसाला त्या सांगायच्या, "बेअरिंग उपासाने मरतं त्याहून जास्त अजीर्णाने मरतं."

मी तिथे स्टोअर सांभाळायचो. म्हणून पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, ते लपवत नाही.

नवे साहेब आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवर एक तक्ता चिकटवला. प्रत्येक बेअरिंगला, प्रत्येक सोमवारी, दहा दाब. मावशी त्यांच्या खोलीत गेल्या आणि इतकं ग्रीस आत घुसळून तापतं, असं समजावू लागल्या. साहेबांनी मान वर न करताच उत्तर दिलं, "मावशी, ग्रीस काय तुमच्या माहेरहून येतंय? घाला सढळ हाताने."

त्यावर कडी म्हणजे ग्रीसही बदललं. आधीचं तपकिरी होतं, आता स्वस्तातलं निळं आलं. मावशी डबा बघूनच म्हणाल्या की ही दोन जातींची ग्रीसं एकत्र नांदणारी नाहीत. बेअरिंग उघडून, धुऊनच नवं भरायला हवं. त्यासाठी मशीन एक दिवस बंद ठेवायला लागलं असतं. साहेबांनी नकार दिला. मावशींनीही ग्रीसगन खाली ठेवली. मग साहेबांनी ते काम कंत्राटी माणसाला दिलं, आणि मी त्याला निळे डबे काढून दिले. मला कळत होतं, तरी दिले.

पाच सोमवार गेले. सहाव्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, तिसऱ्या पंख्यातून धूर आला. आमचा फिटर धावला. तो वाकून बघतो आहे तोच सील फुटलं आणि उकळतं ग्रीस त्याच्या उजव्या हातावर आलं. त्याचं ओरडणं मला स्टोअरमध्ये ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या हातात कागद पडला: ग्रीसअभावी बेअरिंग जळाले, जबाबदार वंगण कामगार, खाली सही करावी. ज्या बाईने सहा आठवडे त्या पंख्याला हातही लावला नव्हता, तिच्या माथी हे खापर! मावशी कागद घेऊन घरी गेल्या. निवृत्तीला वर्षच उरलं होतं, म्हणून सुनेने सांगून पाहिलं, आई, करून टाका सही, कशाला वाकड्यात शिरता. मावशी जेवल्या नाहीत आणि सहीही केली नाही.

सकाळी त्या थेट माझ्याकडे आल्या. जळालेलं बेअरिंग खोक्यासकट भंगारात फेकलं होतं, इतकी घाई. आम्ही दोघांनी ते शोधलं, हातगाडीवर घातलं आणि साहेबांच्या खोलीत नेलं. तिथे चौकशीला मुख्य कचेरीतले दोन अधिकारी बसले होते. मावशींनी ते काचेच्या टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. आत काठोकाठ ग्रीस होतं. मधे जळून काळं पडलेलं, कडेला निळं-तपकिरी, रंगासारखं पातळ.

"यात ग्रीस कमी आहे का, तेवढं सांगा," मावशी म्हणाल्या.

मग साहेबांनी सुचवलं, बेअरिंगच सदोष होतं असं लिहू, म्हणजे कोणावरच काही येणार नाही.

"बेअरिंगला बोलता येत नाही म्हणून त्याच्यावर ढकलता? आणि फिटरच्या हाताचं काय लिहाल?"

त्यांनी तिथेच कोरा कागद मागितला आणि दहा दाब, दोन ग्रीसं, न धुतलेलं बेअरिंग, सगळं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. खाली मी सही केली.

त्या कागदामुळे अपघात कारखान्याच्या चुकीने झाला हे मान्य करावं लागलं, आणि फिटरला भरपाई मिळाली. त्याची दोन बोटं मात्र अजून वळत नाहीत. तक्ता उतरला, निळे डबे परत गेले. साहेबांना बढती मिळाली आणि ते दुसऱ्या, याहून मोठ्या कारखान्यात गेले. तिथेही बेअरिंगं असतीलच.

मावशींवरचा आरोप मागे घेतला म्हणजे काय, तर तो कागद त्यांच्यासमोर फाडला. चूक आमची होती, असं एक वाक्य लेखी द्या, एवढंच त्यांनी मागितलं होतं. वर्षभरात तीनदा मागितलं. निवृत्तीच्या दिवशी हार आला, भाषण झालं, ते वाक्य आलं नाही. मावशींनी हार घालून घेतला नाही.