आमच्या मंडळाची लेखी घटना

चार रिटायर्ड माणसं आणि एक नियमावली एका हॉलमध्ये ठेवा, किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही! भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाचा मी सेक्रेटरी, त्यामुळे माझ्याकडे तर पोतंभर साठलेत.

मंडळाला लेखी घटना आहे. ती लिहिली मेश्राम काकांनी. जन्मभर स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली आणि रिटायर होताच पेन उचलला. "एवढा मोठा देश लिहिलेल्या घटनेवर चालून राहिला, मंडळ कावून नाही चालणार?"

धोटे काका त्यांचे जिगरी दोस्त आणि कायमचे विरोधक. "माह्या घरी कोणती घटना हाय? बायको बोलते, घर चालते!"

*

नियम असा की सात जण जमल्याशिवाय चहा नाही. आणि चहाचा वास आल्याशिवाय आमची माणसं घरातून हलत नाहीत! मी आणि दोन्ही काका, आम्ही तिघंच बसून राहिलो. नियम बदलावा म्हटलं, तर त्यालाही सात जण पाहिजेत.

शेवटी मेश्राम काकू थर्मास घेऊन आल्या. "हा माह्या घरचा चहा हाय. त्याले तुमची घटना लागू नाही. प्या मुकाट्यानं!"

*

एकदा मीटिंगमध्ये साप निघाला. मी काठी शोधायला धावलो, तर मेश्राम काका म्हणाले, "आधी प्रस्ताव मांड. मग अनुमोदन."

"साप कोणाले इचारून आला का बे?" धोटे काका खुर्चीवर चढून ओरडले.

मतदान होईपर्यंत साप आपणहून निघून गेला. ठराव मात्र बहुमतानं पास झाला.

*

सगळे वैतागले. घटना गुंडाळून ठेवली आणि धोटे काकांना अध्यक्ष केलं. कामं खरंच झटपट झाली. सकाळी मनात आलं, संध्याकाळी हॉल रंगवून तयार. जांभळा!

वर्धापनदिनाला धोटे काका पावर हाउसच्या बाजारातून मोठे स्पीकर घेऊन आले आणि तीन तास एकटेच गायले. मी म्हटलं, "काका, आता दुसऱ्यांनाही गाऊ द्या."

"थांबवाचा नियम दाखव!"

कुठून दाखवू? खरं सांगतो, त्या दिवशी मला घटनेची किंमत कळली. दुसऱ्याच दिवशी आम्ही ती परत लागू केली.

*

मग धोटे काकांना अध्यक्षपदावरून काढायची मीटिंग भरली. खुर्चीत त्यांचा जीव अडकलेला. "हात वर करा, दोन मिनिटांत मोकळे होऊ," मेश्राम काका म्हणाले.

धोटे काकांनी खिशातून घटनेची प्रत काढली. "कलम नऊ. ज्याले काढाचं, त्याचं म्हणणं त्याचं मन भरेपर्यंत ऐकून घ्यावं."

आणि त्यांनी जन्मापासून सुरुवात केली. तासाभरानं मेश्राम काका उसळले, "फालतू कलम हाय हे! कोणं लिहिलं?"

हॉलमधले सगळे त्यांच्याकडेच बघायला लागले.

"मेश्राम," धोटे काका गंभीरपणे म्हणाले, "घटनेचा अपमान मी सहन करणार नाही. बस खाली!"

मेश्राम काका बसले. भाषण तेव्हा चौथीच्या परीक्षेपर्यंत पोचलं होतं.