घरची बंदूक बाहेर

जमाकाका बंदुकीचा वास घ्यायचे. नळी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "काल उडाली होती." चुकत नसत. आमच्या शेताला लागून सशस्त्र पोलिसांची छावणी आहे, तिच्या फाटकावर ते हवालदार होते. हत्यार घेऊन येणाऱ्याला पहिला शब्द "जमा करा", म्हणून गावानं नाव ठेवलं जमाकाका.

नियम सरकारचा, पण पाळायचे मात्र देवपूजेसारखा. बंदूक परवान्याची असली तरी स्वतःची छावणीत न्यायची नाही. फाटकावर उघडून रिकामी दाखवायची, ठेवायची, टिनाचा बिल्ला घ्यायचा. एकदा त्यांचेच नवे साहेब कमरेला खासगी पिस्तूल लावून आले. काकांनी कडक सलाम ठोकला आणि हात पुढे केला. "सरकारी आत, घरची बाहेर, साहेब." साहेबांनी मुकाट्यानं काढून दिलं.

आमच्या बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे, जायची जवळची वाट छावणीतूनच होती. सासऱ्यांकडे रानडुकरांसाठी परवान्याची एकनळी होती. ती खांद्यावर असली की ते बाहेरून लांबचा फेरा मारत. आम्हा बायांना मात्र काका डोक्यावरच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाच्या, भाऱ्यासकट सोडत. तेव्हा फाटकावर बाई शिपाई नसे. काका म्हणत, "लेकीबाईच्या भाऱ्याले मी हात लावत नाई. तिनं सांगितलं तणीस, त तणीस."

मी तेव्हा विशीतली. अक्कल अंबाड्यात बांधून ठेवलेली, सोडायची कधी आठवण व्हायची नाही. धान कापताना बायांपुढे फुशारकी मारली, "जमाकाकाच्या नाकाखालून बंदूक आणून दाखवीन!" सासरे तापानं पडले होते. दुसऱ्या दिवशी त्यांची एकनळी खुंटीवरून काढली, पेंढ्या बांधायच्या तणसाच्या दोरांत गुंडाळली आणि भारा डोक्यावर घेतला.

"काय नेऊन राहिली, सुनबाई?"

"तणीस, काका."

"जाय मंग. ऊन वाढून राहिलं."

आतल्या क्वार्टरांपुढे पोलिसांची लेकरं गोट्या खेळत होती. मी त्यांच्यामधून कंबर डोलवत गेले. बांधीत भारा सोडला, तेव्हा बाया पोट धरधरून हसल्या. मी तर राणीच झाले होते. परतताना तेवढी हिंमत राहिली नाही, बाहेरून फेरा मारून आले.

घरी सासऱ्यांनी पाहिलं. अंथरुणातूनच बंदूक मागितली, उघडली. आतून काडतूस निघालं. तापाच्या भरात तेच काढायचं विसरले होते. काडतूस हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं.

बायांचं हसणं चार दिवसांत छावणीत पोचलं. साहेबांनी काकांना उभं केलं. माझं नाव गावाला ठाऊक होतं, काकांनाही होतंच. ते एवढंच म्हणाले, "भारा मी पाहिला नाई. चूक माझी." बाहीवरची एक फीत उतरली आणि बदली झाली. पेन्शनीला वर्षही उरलं नव्हतं. मी, बांधीतली राणी, चुलीपुढे बसून राहिले. फाटकापर्यंत जाऊन दोन शब्द बोलणं माझ्याच्यानं झालं नाही.

ते निघाले त्या दिवशी कोहमाऱ्याच्या बस थांब्यावर अचानक समोर आले. पायाशी लोखंडी ट्रंक. मी पदर पुढे ओढला, पण त्यांनी हाक मारलीच.

"सुनबाई, एकच सांग. नळी रिकामी होती ना? आत लेकरं खेळून राहते, म्हणून विचारलं."

"हो काका. मी पाहूनच नेली होती."

"मंग झालं," ते म्हणाले. कित्येक दिवसांचा अडकलेला श्वास सुटावा तसे हसले आणि ट्रंक उचलून बसमध्ये चढले. माझ्या शब्दावर त्यांनी दुसऱ्यांदा विश्वास ठेवला.

आता फाटकावर बाई शिपाई असते. बांधीवर जाताना मी तिच्यापुढे पिशवी उलटी करते: डबा, विळा, पानाची चंची. ती पोरगी हसते.

"जा ना आजी, तुम्हाले काऊन तपासू? तुम्ही सांगितलं तेवढं पुरे."

"तपास, बाई," मी म्हणते. "मी सांगितलेलं खरं धरू नको."