आत्याच्या पिंपातल्या पाऱ्याच्या गोळ्या

कोलाडला राफ्टिंग करायचं म्हणून निघालो आणि अडकलो तांदळाच्या पिंपापाशी. माझ्या बहुतेक ट्रिपा अशाच होतात.

पुण्याहून पनवेल, तिथून एसटीने पेण. गणपतीचे कारखाने बघायचे होते, पण मैत्रीण तन्वी भेटली. ती तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मिसळ खाता खाता तिचंच ऐकत बसलो. त्या दिवशी तिने वर्गात पाऱ्याचे परिणाम शिकवले होते.

"मेंदूची पेशी वालाच्या वेलासारखी बारीक तंतू काढत वाढते. तंतूच्या आत कणा असतो. पारा पोचला की कणा सुटतो, तंतू मागे आखडतो. उंदीर, मांजर, माणूस, सस्तन प्राण्यांत सगळीकडे तेच."

मी बारावी नापास, तरी हे डोक्यात बसलं.

वडखळला अलिबागवाले उतरले आणि खिडकी मिळाली. पुढचा रस्ता हाडं खिळखिळी करतो, पोटभर खाऊन बसू नका. रोह्याहून रिक्षाने वरसे, आत्याकडे. जेवायला भात आणि कोलंबीचं कालवण. फक्त आत्याची सून, सुरेशदादाची बायको शीतल वहिनी, नाचणीची भाकरी खात होती. तिला पाचवा महिना आहे.

"आमचा भात तिला गोड लागत नाय," आत्या म्हणाली. "माहेरचा बासमती पायजे."

वहिनीने भाकरीचा तुकडा मोडला.

सकाळी आत्याने मला पिंप उघडायला लावलं. तांदळात फडक्यात बांधलेल्या करड्या गोळ्या.

"पाऱ्याच्या हाईत. सोंडे-किडे लागत नाय."

वहिनी दारातच थांबलेली. तेव्हा कुठे मला भाकरीचं कोडं उलगडलं.

"मोबाईलवर वाचलं," ती हळूच म्हणाली. "पण वर्षाचा तांदूळ. आईंना सांगू कसं?"

मी तन्वीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पाऱ्याची वाफ दिसत नाही," ती म्हणाली. "श्वासातून रक्तात जाते, तिथून मेंदूत, आणि वारेतून, नाळेतून बाळापर्यंत. काही झालंय का, ते डॉक्टरांना विचारा. पण बाळाचे तंतू आत्ताच वाढतायत, तो तांदूळ नको. गोळ्या फोडू नका, जाळू नका, मोरीत टाकू नका."

"काय सांगतेस गो! माझी पोरं ह्याच तांदळावर मोठी झाली!" आत्या उसळली. मग एकदम थांबली. "माझा सुरेश चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. माझ्यामुळं?"

"आत्या, ते आता कुणीच सांगू शकत नाही. मुलं कितीतरी कारणांनी उशिरा बोलतात," तन्वी फोनवरून म्हणाली. " गोळ्या दुकानात उघड मिळतात, तुम्ही घरासाठीच आणल्यात ना?"

आत्याने पिंपावर झाकण दाबलं. "हे बाहेर पडवीत घे. शीतल, तू लांब हो गो."

संध्याकाळी सुरेशदादा डोलवीच्या पोलाद कारखान्यातली शिफ्ट करून आला. चप्पल काढायच्या आत आत्याने त्याला सगळं सांगितलं आणि माझ्यामुळं का, तेही विचारलं.

"आये, तू कुणाला बोलायला देत होतीस काय?"

आधी वहिनी हसली, मग आत्याही, पदराने डोळे पुसत.

गोळ्या बरणीत बंद करून दादाने पेणला तन्वीकडे पोचवल्या, त्यांची सोय ती लावणार होती. तुमच्याही पिंपात असतील तर नुसत्या हाताने चिवडू नका. धान्याला कडुलिंबाचा सुकलेला पाला चालतो.

पुण्याला परतल्यावर आत्याचा फोन आला. डॉक्टरांकडे जाऊन आलो, शीतल नव्या तांदळाचा भात दोनदा मागून जेवली, वगैरे. मग आवाज खाली आला.

"तुझ्या मैत्रिणीला परत इचार ना. सुरेशचं कळायला काय उपाय नाय का?"

"नाही, आत्या."

"बरं," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.